आपल्या कामाच्या जागेसाठी सुरक्षेचे एक पान

सुरक्षा धोरण म्हटले की मोठ्या कारखान्याचे जाड कागद डोळ्यांसमोर येतात. खरे तर ते एका पानात मावते. कामावर आलेली प्रत्येक बाई संध्याकाळी धडधाकट घरी जावी, यासाठी कोणी काय करायचे, एवढेच त्यात लिहायचे असते.

1984 च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. मालकाने आरोग्य व सुरक्षेचे धोरण लेखी ठेवावे आणि ते सर्व कामगारांना कळवावे, असे बंधन त्यात आले. आपल्याच नागपूर जिल्ह्यात, बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात 17 डिसेंबर 2023 रोजी स्फोट होऊन 9 कामगार गेले. त्यांत 6 बाया होत्या. आपल्या लेकीसुना कारखान्यात कामाला जातात. म्हणून धोरण मागून घेणे आणि वाचणे आपल्याला जमले पाहिजे.

लहान गटाला कारखान्याचा कायदा लागत नसेल. पण कांडप यंत्राचा पट्टा गट लहान की मोठा ते पाहत नाही.

लिहायला बसण्याआधी जागेवर फिरा. मिरची-मसाल्याचे काम असेल तर काय दिसेल? पट्ट्यात पदर किंवा वेणी अडकू शकते. भुकटीने खोकला येतो, डोळे झोंबतात. ओला हात स्विचला लागतो. जड पोती एकटीने उचलली जातात. मे महिन्यात टिनाचे शेड भट्टीसारखे तापते. जी बाई रोज तिथे बसते, तिला हे सगळ्यांत आधी विचारा.

मग पानावर तीन गोष्टी लिहा: आपले वचन, कोणाची जबाबदारी आणि काय व्यवस्था. ‘सुरक्षेची काळजी घेऊ’ असे मोघम लिहू नका. असे लिहा:

“पट्ट्यावर जाळी नसेल तर यंत्र सुरू होणार नाही. यंत्राजवळ केस बांधलेले आणि पदर खोचलेला असेल. साफसफाईआधी मेन स्विच बंद होईल. नाकातोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा गट देईल. पोते दोघींनी उचलायचे. उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 यंत्र बंद राहील. प्रथमोपचार पेटी सचिव दर महिन्याला तपासेल. अपघात झाला तर 108 ला फोन करायचा.”

प्रत्येक कामापुढे एका बाईचे नाव हवे. ‘सर्वांनी’ लिहिले की ते कोणाचेच राहत नाही. खर्चाचाही विचार तेव्हाच करा. जाळी आणि मास्कचे पैसे कुठून येणार, ते ठरले नाही तर वचन कागदावरच राहते.

एक ओळ मात्र विसरू नका: “धोका दिसला म्हणून काम थांबवणाऱ्या बाईची मजुरी कापली जाणार नाही.” किलोवर मजुरी असली की डोळे चुरचुरत असले तरी बाई हात थांबवत नाही. बोलले तर उद्या काम मिळणार नाही, ही भीतीही असते. ही ओळ नसेल तर बाकीचे नियम कोणी पाळणार नाही.

पान मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. मासिक बैठकीत मोठ्याने वाचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या बहिणींनाही कळेल. अध्यक्ष व सचिवांची सही आणि तारीख टाकून यंत्राजवळ लावा. नवीन यंत्र आले, अपघात झाला किंवा थोडक्यात टळला, की पान पुन्हा तपासा. काहीच घडले नाही, तरी वर्षातून एकदा तपासाच.

पुढच्या बैठकीत बचत-कर्जाच्या हिशोबानंतर अर्धा तास या कामाला द्या.