आंतड्यांतील पाण्याचा जमाखर्च

महसूल खात्यांतील कारकुनींत आमचें आयुष्य गेलें. त्यामुळें अन्नमार्गाचें वर्णन वाचतांनाही आमची नजर प्रथम आंकड्यांवर गेली.

मनुष्य दिवसभरांत अन्नपाण्यावाटे सुमारें २ लिटर पाणी घेतो. त्यांत लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आंतड्यांचा स्वतःचा रस मिळून सुमारें ७ लिटरांची भर पडते. ही झाली ९ लिटरांची जमा; आणि मळावाटे खर्च किती, तर जेमतेम एक लहान पेला! बाकीचें सर्व पाणी आंतडीं रक्तांत परत भरतात. आमच्या कालव्यांस इतकी काटकसर साधली असती तर वाचकांस रब्बीच्या पाळीसाठीं अर्ज करावे लागले नसते.

भाकरीचा घास नीट चावल्यास गोड लागूं लागतो, याचें कारण लाळेनें त्यांतील पिष्ट तोंडांतच फुटूं लागतें. जठरांत आम्लरसानें त्याची पेज होते. परंतु खरें काम पुढें, सुमारें २० फूट लांबीच्या लहान आंतड्यांत चालतें. त्याची आंतील बाजू मखमलीच्या लवेसारखी असून तिच्यांतून अन्नरस रक्तांत जातो. पाणी मात्र आपण होऊन जात नाहीं. तें मिठाच्या मागोमाग जातें. मिठास आंत शिरण्याचीं जीं दारें आहेत, त्यांपैकीं एक असें कीं, साखर व मीठ जोडीनें आलीं म्हणजेच तें उघडतें. ही गोष्ट रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं मांडली. पटकींत जंतूंच्या विषामुळें आंतड्याची भिंत उलट पाणी व मीठ बाहेर ओतूं लागते. पण तेव्हांही हें जोडीचें दार शाबूत राहतें.

आमच्या लहानपणीं हगवण लागलेल्या मुलाचें पाणी तोडीत. आमचा धाकटा भाऊ दोन दिवस पाणी मागत होता, आणि आम्हीं वडील मंडळींच्या आज्ञेवरून तांब्या फडताळांत ठेवून दिला. तिसऱ्या दिवशीं तो गेला. त्यापूर्वींच, १९७१ सालीं, बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली असतां व शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें असतां, डॉ. दिलीप महालनोबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यांत मिसळून तें रोग्यांच्या नातलगांकरवीं पाजविलें. शेंकडा ३० च्या घरांतील मृत्यूचें प्रमाण ४ च्या आंत आलें. ती वार्ता आमच्या गांवीं पोंचली नव्हती.

जलसंजीवनीची पुडी घरांत ठेवावी, व तिच्यावर लिहिलें असेल तितक्याच पाण्यांत ती सबंध एकदम विरघळवावी. अर्धी-अर्धी वापरूं नये. पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यांत चहाचे सपाट ६ चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावें. मिठाचा अंदाज करूं नये. अधिक झाल्यास तें घातक ठरतें. दर जुलाबानंतर पाजावें. तान्ह्या मुलाचें अंगावरचें दूध तोडूं नये. उलटी झाल्यास १० मिनिटें थांबून चमच्या-चमच्यानें पुन्हां द्यावें. मूल गुंगूं लागलें, पिईनासें झालें किंवा मळांत रक्त दिसलें तर त्याच घटकेस दवाखाना गांठावा, आणि वाटेनेंही पाजणें चालू ठेवावें. केलेलें पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावें व नवें करावें.