संचातून घडलेली ‘दामिनी’

प्रतीक्षा लोणकर हे नाव निघाले की मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीला आधी दूरदर्शनवरची ‘दामिनी’ मालिका आठवते. बीड जिल्ह्यात तर ते साहजिकच आहे. व्यावसायिक नाटकाचा दौरा आला तर बीड, अंबाजोगाई, परळीपर्यंत. शिरूर-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात पोचायचा तो दूरदर्शनचा अँटेना. त्यामुळे ही अभिनेत्री मालिकेने घडवली, असा समज सहज रुजला. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ‘दामिनी’ तरली ती नाटकाच्या संचात आधी झालेल्या तयारीवर. आपल्या मुली अभिनयात पुढे याव्यात असे ज्या जिल्ह्याला वाटते, त्याने या कारकिर्दीतली प्रसिद्धी बाजूला ठेवून तो संच पाहायला हवा.

हा संच म्हणजे ‘जिगीषा’. 1980च्या दशकात औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी हौशी नाटके करता करता ही संस्था उभी केली आणि पुढे सगळा गोतावळाच मुंबईला नेला. लेखक, दिग्दर्शक आणि नट एकमेकांच्या तालमीत वाढलेले असले की काय साधते, ते 1991च्या ‘चारचौघी’त दिसले. दळवींचे लेखन, कुलकर्णींचे दिग्दर्शन आणि रंगमंचावर दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी व प्रतीक्षा लोणकर. विवाहित पुरुषापासून झालेल्या तीन मुली स्वतःच्या हिमतीवर वाढवणारी आई आणि आपापला निर्णय घेऊ पाहणाऱ्या त्या मुली, असे हे नाटक. धाकट्या विनीचे दोघांवर प्रेम आहे आणि दोघांपैकी एकाला निवडायचे कशासाठी, हा तिचा प्रश्न. ही भूमिका उथळपणाकडे झुकली तर प्रेक्षक हसून मोकळा होतो, भाषणाकडे झुकली तर कंटाळतो. शिवाय थोरल्या विद्याच्या टेलिफोनवरच्या दीर्घ स्वगतासारखा हुकमी प्रसंग समोरच्या वाट्याला असताना, तो खाऊ न देता आणि आपणही तो न खाता उभे राहावे लागते. असे उभे राहणे एकट्याने आरशासमोर शिकता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आलेली ‘दामिनी’ ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका मानली जाते. नायिका पत्रकार, अन्यायाशी भिडणारी. रोजच्या मालिकेत तालीम जवळजवळ नसते. प्रसंग हातात पडतो, पाठ होतो, चित्रित होतो आणि दुसऱ्या दिवशी नवा येतो. अशा घाईत पात्राचा कणा सांभाळायचा तो नटानेच. लोणकरांनी दामिनीचा करारीपणा आवाज चढवून आणला नाही. स्थिर नजर आणि सावकाश, स्पष्ट शब्द यांवर तो पेलला. नागेश कुकुनूर यांच्या ‘इक्बाल’मध्ये (2005) हेच हत्यार वेगळ्या कामी आले. मुक्या-बहिऱ्या मुलाचे क्रिकेटवेड नवऱ्याच्या नकळत जपणारी ही शेतकऱ्याची बायको बंडाची भाषा बोलत नाही, पण घरात काय व्हायचे ते बरेचसे तीच ठरवते.

यावर पहिला आक्षेप असा की औरंगाबादेत विद्यापीठ होते, नाट्यशास्त्र विभाग होता. माजलगाव-गेवराईच्या पोरीने काय करावे? आक्षेप खरा आहे. माजलगावचे संदीप पाठक रंगभूमीवर आले, लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनी समर्थपणे पुढे नेले. पण मुलगा एकटा एसटीत बसून निघू शकतो, मुलीला घरून तशी मोकळीक क्वचित मिळते. म्हणून तर संच तिच्यासाठी अधिक गरजेचा. फ्रान्समध्ये 1680 पासून चालत आलेल्या ‘कोमेदी-फ्रान्सेझ’मध्ये नटनट्या संस्थेच्या भागीदार होतात, त्यामुळे तिथली अभिनेत्री पडद्यावर गेली तरी तिच्यामागे घर असते. जिगीषाला राजाश्रय नव्हता, पण घर होते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. करारी नायिका घरोघरी दिसली, तरी 2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807च मुली उरल्या. मग या अभिनयाचा उपयोग काय? शिवाय ऊसतोडीच्या हंगामात कोयता घेऊन कारखान्यावर गेलेल्या बाईच्या कोपीवर टीव्ही कुठला? खरे आहे. पण सोनोग्राफीच्या गुन्ह्याचा हिशेब कायद्याकडे मागायचा असतो, नटीकडे नव्हे. तिच्याकडे मागायचा तो एवढाच की तिने उभी केलेली बाई खरी वाटली का. ती खरी वाटली, आणि त्याचे श्रेय तालमीला आहे. बीड-अंबाजोगाईच्या महाविद्यालयांतले एकांकिकेचे गट युवक महोत्सवाची ढाल मिळाली की पांगतात. ते पदवीनंतरही चार-पाच वर्षे एकत्र टिकले, त्यांना तालमीला जागा आणि मुलींना रात्री घरी पोचवायला गाडी मिळाली, तर पुढची प्रतीक्षा लोणकर या जिल्ह्यातून येणे अशक्य नाही. नाट्यगृहाच्या नूतनीकरणापेक्षा हा खर्च पुष्कळच कमी आहे.