जुन्या रायफलीची दुरुस्ती : हात लावावा की न लावावा?

आम्ही पुलगावातले कापडाचे व्यापारी. रायफलीवर लेख लिहिण्याची वेळ आपल्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या उन्हाळ्यात जो प्रसंग घडला, तो आपल्या कारागीर बांधवांपुढे ठेवणे आम्हाला जरुरीचे वाटते.

आमच्या ओळखीचे एक सुतार मिस्त्री दुपारी दुकानावर आले. जुन्या चादरीत गुंडाळलेले एक लांब लाकूड त्यांनी गादीवर ठेवले. लाकडाला मागच्या बाजूला बोटभर लांब चीर गेली होती. "भाई, गिऱ्हाईक म्हणते की चीर भरा, घासून पॉलिश करा आणि दोन हजार घ्या. दोन तासांचे काम आहे. करू का?"

लाकूड थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या नळीखालचे होते. गिऱ्हाइकाच्या आजोबांची ती वस्तू. लोखंडी भाग घरच्या कपाटात ठेवून फक्त लाकूड पाठवले होते. मिस्त्रींच्या घरी मुलीचे लग्न तोंडावर आलेले. अशा वेळी दोन हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. तरीही आम्ही म्हणालो, "मिस्त्री, आज हात लावू नका. आधी विचारून घेऊ."

पुलगाव हे दारूगोळ्याच्या केंद्रीय भांडाराचे गाव. लष्करी कामातून निवृत्त झालेली माणसे इथे गल्लोगल्ली भेटतात. अशाच एका जाणकार गृहस्थांना आम्ही ते लाकूड दाखवले. त्यांनी सांगितले की या घराण्याची रायफल इंग्रजांच्या फौजेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही ती तयार होत असे. दहा काडतुसांचे मॅगझिन आणि हाताने मागेपुढे करायचा बोल्ट, ही तिची ओळख. दोन महायुद्धे तिने पाहिली. पुढे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती वर्षानुवर्षे राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला 2020 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात शेवटची सलामी दिली.

मग त्यांनी चिरेवर बोट ठेवले. "हे लाकूड शोभेचे नाही. गोळी सुटली की मागे बसणारा धक्का याच जागी लाकडावर येतो. इथे नुसता गोंद भरला तर वरून साफ दिसेल, पण बार उडाला की पुन्हा फुटेल." चीर का पडली असावी, याचाही अंदाज त्यांनी सांगितला. खांद्याकडचा दस्ता ज्या लांब बोल्टाने आवळलेला असतो, त्याचे टोक या लाकडातील पट्टीत अडकते. पुढचे लाकूड आधी न काढता कोणी तो बोल्ट फिरवला तर लाकूड आतून चिरते. म्हणजे पूर्वी कोणीतरी दुरुस्तीच करायला गेला असेल आणि त्यातूनच हे नुकसान झाले असेल.

ही गोष्ट आम्हाला लगेच पटली. आमच्या धंद्यात जुनी शाल रफूला येते. छिद्र लहान असते, पण भोवतालचा धागा कुजलेला असतो. अडाणी हाताने नवा धागा ओढला की छिद्राच्या जागी खिडकी होते. चांगला रफूगर आधी कापड बोटांनी चाचपतो आणि कधी कधी घडी घालून परत देतो.

दुसरा मसला कायद्याचा होता. वर्ध्याच्या एका वकील साहेबांकडून आम्ही तो समजून घेतला. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बनवणे व विकणे जसे मना आहे, तशीच दुरुस्तीही मना आहे. कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात. "आपण तर फक्त लाकूड जोडले" हे म्हणणे त्यामुळे पुरे पडत नाही. शिवाय थ्री-नॉट-थ्री हा प्रतिबंधित बोअर. त्यासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 5 मोडणाऱ्यास कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. दोन हजारांच्या कामासाठी सात वर्षे!

कायद्यात सूट आहे, पण ती नीट वाचावी. कलम 45 मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट दिली आहे. अट अशी की ते दुरुस्त करूनही आणि न करताही बंदूक म्हणून चालू शकणार नाही. जी रायफल दुरुस्तीने चालू होईल, ती नुसती जुनी आहे म्हणून सुटत नाही. किरकोळ सुट्या भागांनाही सूट आहे, परंतु ते भाग जुळणाऱ्या दुसऱ्या भागांबरोबर वापरायचे नसतील तरच. इथे तर बाकीची रायफल कपाटात उभी होती.

तिसरा प्रश्न वस्तूच्या किमतीचा. जुन्या लष्करी रायफलीचे मोल तिच्या अंगावरच्या खुणांत असते. लाकडावरचे कारखान्याचे शिक्के आणि बोल्टावरचा व सांगाड्यावरचा जुळणारा नंबर, यांवरून जाणकार तिची परीक्षा करतो. पॉलिश पेपरने शिक्के घासले की ते पुन्हा येत नाहीत. कायद्याने निकामी केलेली, भिंतीवर ठेवायची वस्तू असेल तर बारीक चीर तशीच राहू द्यावी. फार तर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि विदर्भाच्या उन्हापासून लाकूड सांभाळावे. एखादा भाग बदललाच तर मूळ भाग फेकू नये, जपून ठेवावा.

मिस्त्रींनी संध्याकाळीच लाकूड जसेच्या तसे परत केले. गिऱ्हाईक नाराज झाले. "एवढ्याशा कामाला किती भिता?" असे बोललेही. पण चौकशीत निघाले की परवाना मयत आजोबांच्या नावावर होता आणि वारसांनी पुढे काहीच केले नव्हते. परवान्याचा आधार संपला की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम 21 सांगते. शेवटी ते वकिलांना बरोबर घेऊन गेले आणि रायफल रीतसर जमा झाली. मिस्त्रींना आम्ही आमच्या दुकानाच्या फळ्यांचे काम दिले. दोन हजार त्यातही झाले, फक्त दोन तासांऐवजी चार दिवस लागले.

पुलगावकरांना जुन्या लष्करी मालाचा धोका नव्याने सांगायला नको. 20 नोव्हेंबर 2018 रोजी जवळच सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. जुने झाले म्हणजे निरुपद्रवी झाले, असे नसते.

म्हणून सुतार, लोहार, वेल्डर आणि भंगारवाले बांधवांना आमची विनंती आहे. असे काम आले तर तीन गोष्टी विचारा. परवाना कोणाचा आणि चालू आहे काय? वस्तू चालवायची आहे की नुसती ठेवायची आहे? आणि आपल्या हाताने तिचे भले होणार की नुकसान? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळाले नाही तर हत्यारे पेटीतच राहू द्या. गिऱ्हाईक दुसरे मिळते, पण घरच्या कमावत्या माणसाची सात वर्षे परत मिळत नाहीत.