ऊब कोटात नसते

‘उबदार कोट’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका रुळला आहे की, त्यात काही खोट असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांची उलटतपासणी घेण्याची मला खोड आहे. म्हणून सांगतो, कोट कधीच उबदार नसतो. थंडीच्या दिवसांत रात्रभर खुंटीला टांगलेल्या कोटात हात घालून पाहा. तो भिंतीइतकाच गार लागेल. ऊब असते ती आपल्या अंगात. कोट तिला फक्त बाहेर जाऊ देत नाही. आणि तेही काम कापड करीत नाही, त्याच्या पोटात कोंडलेली हवा करते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. रजई दडपून चपटी झाली की त्या पिंजाऱ्याला हाक मारीत. तो कापूस पिंजून फुगवून देई आणि तीच रजई पुन्हा ऊब धरू लागे. कापूस तेवढाच, वाढली ती मधली हवा.

हे पुराण सांगण्याचे कारण असे की, सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पाय मुरवलेली आपल्याकडची मुलेमुली आता हिमालयातील बर्फाच्या चढाईलाही जाऊ लागली आहेत. माझी पुतणी त्यांतलीच एक. यंदा तिच्यासाठी जॅकेट आणायला आम्ही तिघे बाजारात गेलो. ती, तिची आई आणि मी. दुकानदाराने दोन जॅकेटे समोर ठेवली. एकात बदकाची मऊ पिसे, दुसऱ्यात कृत्रिम धागा. पहिले हातात घेतले तर जणू ढगच! वहिनी तत्काळ म्हणाल्या, “हेच घ्या. पोरीच्या जिवापुढे पैशाचं काय?” पुतणीने मात्र शांतपणे विचारले, “पण काका, हे भिजलं तर?”

साऱ्या विषयाचे मर्म या एका प्रश्नात आहे.

पिसांचा मान मोठा आहे, यात शंका नाही. इ. स. १९२२ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेवर जॉर्ज फिंच नावाचा रसायनशास्त्रज्ञ गेला होता. इतर मंडळी लोकरी कपड्यांत असताना याने बलूनच्या कापडात पिसे भरून शिवलेला कोट घातला. सोबत्यांनी थट्टा केली. पण हा पठ्ठ्या ८,३०० मीटरांच्या वर जाऊन आला आणि पुढे पिसांचा कोट हा उंच शिखरांवरचा राजवेषच झाला. वजनाच्या मानाने पाहिले तर पिसे आजही कृत्रिम भरणापेक्षा सरस ठरतात आणि दाबली तर लहानशा पिशवीत मावतात.

परंतु राजवेष पावसात मिरवायचा नसतो. पिसे भिजली की एकमेकांना चिकटून गोळा होतात, मधली हवा निघून जाते आणि उरते ते ओल्या बोळ्यांचे ओझे. सात-आठ हजार मीटरांवरच्या कोरड्या, कडक थंडीत हे भय कमी. खरी फसवी थंडी असते ती शून्य अंशाच्या आसपासची. तेथे बर्फ अंगावर पडतो आणि वितळतो. शिवाय भिजायला आभाळच लागते असे नाही. चढताना येणारा घाम आतून भिजवतोच.

या अडचणीतून कृत्रिम भरण पुढे आले. त्याचा धागा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. १९४१ मध्ये इंग्लंडात शोध लागलेले पॉलिएस्टर ‘टेरिलीन’ म्हणून आपल्या वडिलांच्या शर्टांत मिरवून गेले आहे. तो शर्ट दोरीवर टाकला की पाहता पाहता वाळत असे, कारण हा धागा पाणी पीतच नाही. १९८०च्या दशकात अमेरिकी सैन्याला भिजूनही ऊब राखील असे पिसांसारखे भरण हवे होते. त्यातून याच जातीच्या अतिसूक्ष्म तंतूंचे ‘प्रिमालॉफ्ट’ निघाले आणि पुढे गिर्यारोहकांच्या जॅकेटांत शिरले. असे भरण भिजले तरी पुष्कळसा फुगीरपणा टिकवते, आणि अंगावरच वाळते.

आता कड्यावरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. दोघे एका दोराला बांधलेले. एक चढतो, दुसरा खाली उभा राहून दोर सांभाळतो. चढणारा घामाघूम, तर सांभाळणारा अर्धा-अर्धा तास जागचा हलत नाही. मग पाळी बदलते. घामाने ओला झालेला माणूस वाऱ्यात स्तब्ध उभा राहतो, आणि पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. प्रथम हुडहुडी भरते. मग बोटे ऐकेनाशी होतात, जीभ जड होते, बुद्धी मंदावते. शरीराचे तापमान ३७ अंशांवरून ३५च्या खाली उतरले की प्राणांशी गाठ असते.

म्हणून जॅकेट चढताना घालायचे नसते, थांबताना घालायचे असते. थांबताक्षणी, थंडी वाजण्यापूर्वी, अंगातल्या साऱ्या कपड्यांवरून ते चढवावे आणि पुन्हा निघताना काढून ठेवावे. ही शिस्त नसेल तर महागातले महाग जॅकेटही घामाने भिजवून ठेवाल.

निवडही याच हिशेबाने करावी. दुकानात नुसत्या शर्टावर घालून पाहू नका. पर्वतावरचे सगळे थर अंगावर चढवून वर जॅकेट घाला. दोन्ही हात उंच करा. पाठ उघडी पडता कामा नये. जोडटोपी हेल्मेटवरून सहज यावी. चेन खालूनही उघडणारी असावी, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्ट्याचा दोर मोकळा राहतो. खिसे त्या पट्ट्याच्या वर असावेत. चेनचा बंद हातमोजे घालून ओढता येतो का, हेही पाहावे.

भरणाचे माप चौरस मीटरला इतके ग्रॅम असे सांगतात. ४० ते ६० ग्रॅमचे जॅकेट चालताबोलता घालण्याजोगे. थांब्यावर उभे राहायचे तर १०० किंवा अधिक हवे. तीन-चारशे ग्रॅम वजनात साधारण जॅकेट मिळते. जाड भरणाचे अर्थातच अधिक भरते. बाहेरचे कापड फार तलम असेल तर वजन वाचते, पण खडकाला घासून फाटते. स्टोव्हजवळ कोणतेही नेऊ नये. ठिणगीने भोक पडते.

कृत्रिम भरणाचा एक अवगुण प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. वरचेवर दाबून बांधल्याने ते कालांतराने चेपते, आणि पिंजाऱ्याला त्यावर इलाज नाही. घरी आल्यावर ते पिशवीत कोंबून न ठेवता कपाटात सैल टांगावे. सौम्य साबणाने धुवावे, इस्त्री मुळीच करू नये. आणि मुलगा किंवा मुलगी गिर्यारोहण संस्थेच्या वर्गाला जात असेल, तर खरेदीपूर्वी संस्थेकडून काय मिळणार आहे ते विचारून घ्यावे. दिवाळीच्या खर्चात तेवढीच बचत!

आईबापांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपण जॅकेट घेतो ते आपल्या मुलाला थंडी वाजू नये म्हणून. पण त्या दोराचे दुसरे टोक कोणा दुसऱ्याच्या मुलाच्या कमरेला असते. वर चढणाऱ्याचा पाय घसरला तर त्याला सावरणारे हात खाली उभ्या असलेल्याचे असतात, आणि गारठलेल्या हातांना दोर आवळून धरता येत नाही. म्हणून दुकानात उभे राहिलात की कोट किती मऊ लागतो हे विचारू नका. भिजल्यावर तो काय करील, एवढेच विचारा. ऊब आपल्याच अंगातली असते हे खरे, पण पर्वतावर ती राखायची असते ती मात्र दोघांसाठी.