वेदपाठशाळेतून विद्यापीठात : काशीतील प्रवेशाची वाट

वाराणसीतील ब्रह्मा घाट, दुर्गा घाट आणि पंचगंगा घाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून आहेत. वेदाध्ययनासाठी महाराष्ट्रातून काशीत येणाऱ्या मुलांना या वस्तीचा मोठा आधार वाटतो. मात्र संहिता मुखोद्गत झाली तरी हाती पदवी नसते. संस्कृत शिक्षकाची नोकरी असो वा लष्करातील धर्मगुरूचे पद, दोहोंसाठी पदवी अनिवार्य आहे.

अशा विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे जगतगंज येथील संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ. १७९१ मध्ये संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १९५८ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ते उत्तर प्रदेशचे राज्य विद्यापीठ आहे. मराठी मंडळींचा या संस्थेशी संबंध जुना आहे. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर करणारे गणिती बापूदेव शास्त्री आणि बाळशास्त्री रानडे हे एकोणिसाव्या शतकात येथे अध्यापन करीत असत.

येथील ‘शास्त्री’ ही पदवी बी.ए.शी समकक्ष, तर ‘आचार्य’ एम.ए.शी समकक्ष मानली जाते. शास्त्रीच्या प्रवेशासाठी उत्तर मध्यमा किंवा संस्कृत विषयासह बारावी उत्तीर्ण असावे लागते. मोठ्या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी होणारी चुरस येथे सहसा नसते. दरवाजा उघडाच आहे. अडचण उंबरठ्यावर येते, आणि ती गुणांची नव्हे, बारावीच्या समकक्ष कागदाची असते.

ज्या पाठशाळा उज्जैनच्या महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाशी जोडलेल्या आहेत, तेथील विद्यार्थ्यांना ‘वेदभूषण’ व ‘वेदविभूषण’ ही प्रमाणपत्रे मिळतात. २०२२ मध्ये प्रतिष्ठानाच्या वेद-संस्कृत शिक्षण मंडळाला मान्यता मिळाल्यानंतर ती अनुक्रमे दहावी व बारावीच्या बरोबरीची धरली जाऊ लागली. केवळ गुरुगृही शिकलेल्या मुलाकडे मात्र असा कोणताही कागद नसतो. त्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आधी दहावी, मग बारावी संस्कृत विषय घेऊन उत्तीर्ण व्हावे, हा खात्रीचा मार्ग होय. दहावीसाठी वयाची किमान अट १४ वर्षांची आहे. पालकांनी हा विचार अध्ययन संपल्यावर नव्हे, तर अध्ययन सुरू असतानाच केलेला बरा. तसे न झाल्यास विशीतल्या घनपाठी तरुणाला दहावीच्या परीक्षेपासून सुरुवात करावी लागते.

महाराष्ट्रातून बारावी करून आलेल्यांचे काम तुलनेने सोपे आहे. तरीही येथील अर्ज हिंदीत असतो आणि शब्द वेगळे असतात. ‘स्थानांतरण प्रमाणपत्र’ म्हणजे आपला शाळा सोडल्याचा दाखला, तर ‘प्रव्रजन प्रमाणपत्र’ म्हणजे मंडळाकडून मिळणारे स्थलांतर प्रमाणपत्र. हे दुसरे प्रमाणपत्र गावाकडे राहून गेले, तर ऐन प्रवेशाच्या दिवसांत धावपळ होते. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम छापले जाते, आधार कार्डावर बहुधा शेवटी. अर्जात नाव गुणपत्रिकेप्रमाणेच लिहावे. नावातील तफावत पुढे पदवीच्या पडताळणीत त्रासदायक ठरते.

पडताळणीचा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा आहे. या विद्यापीठाच्या नावाच्या बनावट पदव्यांवर उत्तर प्रदेशात काहींनी शिक्षकाच्या नोकऱ्या मिळवल्याचे विशेष तपास पथकाच्या चौकशीत आढळले होते. ‘घरबसल्या शास्त्री’ मिळवून देणाऱ्या मध्यस्थांपासून दूरच राहावे. अर्ज, शुल्क व मुदतीची माहिती विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. सर्व सत्रांच्या मूळ गुणपत्रिका जपून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

ज्यांना काशीतच राहणे बंधनकारक नाही, त्यांच्यासाठी नागपूर जिल्ह्यातील रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ हा घराजवळचा पर्याय आहे. महाराष्ट्र शासनाने ते १९९७ मध्ये स्थापन केले. वेदाचे गुरू काशीत असतील, तर मात्र सकाळी घाटावरच्या पाठशाळेत संथा आणि दुपारी जगतगंजला शास्त्रीचे वर्ग, असा दिनक्रम आखता येतो. त्यासाठी वर्गांच्या वेळा व उपस्थितीचे नियम प्रवेशापूर्वीच विभागात विचारून घ्यावेत.