एकांड्या माशीचा जीनोम

ऑक्सफर्डजवळच्या वायटम वुड्स या जंगलात एप्रिलमध्ये ऊन पडेपर्यंत हात बांधून उभं राहावं लागतं. ढग आला की माश्या गायब. ऊन आलं की पिवळ्या डँडेलियनवर अँड्रेना वंशातली एक मधमाशी हिंडू लागते: पाठीवर तांबूस लव, पोटाच्या टोकाला नारिंगी झाक. हिला पोळं नाही, राणी नाही, कामकरी नाहीत. मादी जमिनीत बीळ खणते आणि पिल्लांची शिदोरी एकटीच भरते. जगातल्या सुमारे २०,००० मधमाशी-जातींपैकी बहुतेक अशाच एकांड्या. आपल्या डोळ्यांपुढे मात्र पोळंच येतं.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ७०,००० सजीव-जातींचे जीनोम वाचायला निघालेल्या ‘डार्विन ट्री ऑफ लाइफ’ प्रकल्पासाठी इथे माश्या पकडतात. बातम्यांत कौतुक होतं ते वाचणाऱ्या यंत्राचं. माझ्या मते खरी कसोटी त्याच्या आधी आणि नंतर लागते.

आधी ओळख पटवायची. ब्रिटनमध्ये अँड्रेनाच्या साठाहून अधिक जाती, आणि काहींमधला फरक भिंगाखालीही डोळे ताणून शोधावा लागतो. म्हणून माशीचा एक पाय काढून त्यातल्या डीएनएचा लहानसा भाग वेगळा तपासतात. नाव चुकलं तर पुढचं सगळं बिनचूक काम भलत्याच जातीच्या खात्यावर जमा होतं. मग माशी ड्राय आइसमध्ये गोठवायची. मेलेल्या पेशीत डीएनएचे झपाट्याने तुकडे पडतात, आणि यंत्राला तर हजारो अक्षरांचे सलग धागे हवे असतात. संग्रहालयात टाचणीवर वर्षानुवर्षं सुकलेली माशी इथे फारशी कामाची नाही.

नर मिळाला तर बरंच. तो फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्यामुळे त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि वाचलेल्या तुकड्यांची जोडणी करताना दोन प्रतींचा गोंधळ होत नाही. डीएनए शक्यतो डोक्याछातीतून घेतात, कारण पोटात परागकण आणि जिवाणूही असतात. तरी वोल्बाकिया हा पेशींत राहणारा जिवाणू बऱ्याचदा सोबत येतोच. त्याचा जीनोम वेगळा काढावा लागतो. माशी इतकी छोटी, की या सगळ्यात ती जवळजवळ संपून जाते.

यंत्रातून बाहेर पडतात ते तुकडे. कुठला कुठे बसतो, हे ठरवायला हाय-सी पद्धत वापरतात: पेशीच्या केंद्रकात डीएनएचे जे भाग जवळजवळ असतात ते रसायनाने एकमेकांना चिकटवायचे आणि मग जोड्या मोजायच्या. पंगतीत शेजारी कोण होतं हे प्रत्येकाला विचारून अख्खी पंगत पुन्हा मांडावी, तसं. या जोड्यांच्या नकाशात पडद्यावर कर्णरेषेवर चौकोन उमटतात. एक चौकोन म्हणजे एक गुणसूत्र. मध्येच कर्णाला छेदणारा तिरका पट्टा दिसला की समजायचं, तुकडा उलटा बसलाय. तो माणूस उलटवतो. संगणकाने केलेली मांडणी शेवटी कुणीतरी बसून नजरेखालून घालतं. काम कंटाळवाणं आहे, पण बघत राहावंसं वाटतं.

जीनोम तयार झाले की जातींची तुलना करता येते, आणि त्यात कधी कधी नसलेलं जनुकच जास्त बोलतं. थायाक्लोप्रिड हे कीटकनाशक पाळीव मधमाशी सहज पचवते, कारण तिच्याकडे सीवायपी९क्यू गटातली विष मोडणारी विकरं आहेत. लसूणघासाच्या परागीभवनासाठी पाळल्या जाणाऱ्या, पानं कापणाऱ्या मेगाकाइली रोटंडाटा या माशीच्या जीनोममध्ये या विकरांची जनुकंच नाहीत. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही माशी या विषाला अडीच हजार पटींहून अधिक नाजूक ठरली. म्हणजे पोळ्यातल्या माशीवर चाचणी घेऊन ‘मधमाश्यांना सुरक्षित’ असं लिहिणं किती अर्धवट, बघा.

हा प्रश्न आपल्याकडेही आहे. विदर्भ-मराठवाड्यात कपाशीत तुरीच्या ओळी असतात. तुरीच्या फुलांवर मेगाकाइली वंशातल्याच माश्या येतात, आणि कपाशीवर फवारलं जाणारं ॲसिटामिप्रिड रासायनिकदृष्ट्या थायाक्लोप्रिडचं भावंड आहे. तुरीवरच्या जातींकडे ती जनुकं आहेत की नाहीत, हे फवारणीचा सल्ला छापण्याआधी बघायला हवं.