डॉक्टर बोलले काय, कागदावर आलं काय



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक पाहुणी आली होती. पाहुणी कसली, आमच्याच एका ताईंची लेक. बी.एस्सी. झाली, नाशिकला नोकरी लागली, पण बाळ झाल्यावर रोज निफाडहून जाणं-येणं जमेना. आता ती घरीच संगणकावर काम करते. कानाला हेडफोन लावायचा, डॉक्टर जे बोलून ठेवतात ते ऐकायचं आणि टाइप करायचं. या कामाला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. डॉक्टरांना पेशंट तपासून झाल्यावर लिहीत बसायला वेळ नसतो. ते यंत्रात बोलतात आणि ते ऐकून दुसरं कोणीतरी कागद तयार करतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दवाखान्यांचं असं काम भारतात यायला लागलं. तिकडे रात्र तेव्हा इकडे दिवस, त्यामुळे तिकडचा डॉक्टर झोपून उठेपर्यंत कागद हजर. आता पुष्कळ ठिकाणी संगणकच ऐकून लिहितो आणि माणूस नुसतं तपासतो.

ती हे सांगत होती तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजींनी विचारलं, "अगं, पण बोलताना डॉक्टर टिंब आणि रेघोट्या कुठं देतात?"

आम्ही सगळ्या हसलो. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "आजी, आमच्या कामातली खरी अडचण तीच आहे."

काही डॉक्टर "कॉमा", "फुलस्टॉप" असं तोंडानं सांगतात. बरेच जण सांगत नाहीत. एका दमात बोलून मोकळे होतात. मग स्वल्पविराम कुठं द्यायचा ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. तिनं इंग्रजी वाक्य सांगितलं: "नो नोन अ‍ॅलर्जी टू पेनिसिलिन." म्हणजे पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचं माहीत नाही. आता पहिल्या 'नो'नंतर चुकून टिंब पडलं, तर अर्थ होतो, "नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे हे माहीत आहे." शब्द तेच, पण एका कागदावर इंजेक्शन चालतं आणि दुसऱ्यावर चालत नाही.

हे इंग्रजीतच होतं असं नाही. आपल्या मराठीत बघा. मेडिकलवाला घाईत सांगतो, "उपाशीपोटी नको जेवल्यावर." यात श्वास कुठं घेतला? "उपाशीपोटी नको, जेवल्यावर," म्हणजे आधी जेवा, मग गोळी घ्या. "उपाशीपोटी, नको जेवल्यावर," म्हणजे बरोबर उलटं. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या जेवल्यावर घ्यायच्या असतात, आणि थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. दोन्ही एकाच पिशवीत असल्या तर घरी येईपर्यंत कोणतं वाक्य कोणत्या गोळीचं हे आठवत नाही.

जुन्या काळी आपल्याकडे ही चिन्हं नव्हतीच. मोडी लिहिणारे कारकून हात न उचलता ओळ संपवायचे. त्यात स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, दोन शब्दांत जागासुद्धा नाही. इंग्रजांच्या काळात मेजर थॉमस कँडी यांनी ही विरामचिन्हं मराठीत रुळवली. आणि एका अक्षरानं काय होतं ते तर आपल्याला म्हणीतूनच ठाऊक आहे. "ध चा मा करू नका" असं आपण म्हणतो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मूळ चिठ्ठीत "धरावे" होतं आणि आनंदीबाईंनी ते "मारावे" केलं, अशी ती कथा. कथा खरी की रचलेली ते इतिहासकार बघून घेतील, पण आपल्या नाशिकच्या आनंदवल्लीला नाव ज्यांचं, त्या या आनंदीबाई.

ट्रान्सक्रिप्शनच्या कामातला 'ध चा मा' अमेरिकेत अलाबामा राज्यात घडला. २००८ साली मधुमेहाच्या एक बाई रुग्णालयातून दुसऱ्या केंद्रात चालल्या होत्या. डॉक्टरांनी बोलून ठेवलं होतं, इन्सुलिन ८ युनिट. टाइप होऊन आलं ८०. ते टाइप करण्याचं काम एका कंपनीकडून दुसरीकडे असं फिरत आपल्या भारतात आलेलं होतं. पुढच्या ठिकाणी कागदाप्रमाणे ८० युनिट इन्सुलिन दिलं आणि बाई गेल्या. २०१२ मध्ये तिथल्या ज्युरीनं १४ कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितली.

आमच्या गटात इन्सुलिन घेणाऱ्या तिघी आहेत. तिघी एकदम सरसावून बसल्या. तेव्हा त्या मुलीनं आणखी सांगितलं, की युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर लिहिलं आणि ते घाईत वरून मिटलं, तर ते शून्य दिसतं. ४ यू चे ४० होतात. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, असं आता सगळीकडे शिकवतात. टिंबाचंही तसंच. ५.० असं लिहिलं आणि टिंब फिकट उमटलं तर ५० वाचलं जातं. म्हणून नुसतं ५ लिहायचं. अर्ध्यासाठी .५ न लिहिता ०.५ लिहायचं, म्हणजे टिंब हरवलं तरी आधीचं शून्य सावध करतं. आमच्या आजींनी तर १/२ गोळी म्हणजे "एक नाहीतर दोन" असंच धरलं होतं. बरं झालं, ती गोळी कॅल्शियमची होती.

इन्सुलिनवाल्यांनी अजून एक बघायचं. बाटलीवर ४० लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज, १०० लिहिलं असेल तर नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर युनिट बरोबर मोजूनही औषध चुकतं.

मग आम्ही ठरवलं, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली दवाखान्याची फाईल आणायची. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते, तरी बावीस जणी आल्या. फायली कसल्या, कुणाची कॅरीबॅग, कुणाची साडीच्या खोक्यातली पुडकी. आशाताई आल्या होत्या. ती मुलगीही आली.

आधी अक्षरं सुटी केली. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे सगळ्यांना येत होतं. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे लागली तरच. पण मोतीबिंदूच्या कागदावर तेच ओडी आलं तर उजवा डोळा! सांधेवाताच्या एका ताईंना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि ही चूक जगभर झालेली आहे. त्यांच्या कागदावर आम्ही डॉक्टरांकडून ठळक अक्षरांत वार लिहून घेतला: रविवार.

थायरॉइडच्या फायली सात निघाल्या. आपण म्हणतो, "मला थायरॉइड आहे." ती ग्रंथी सगळ्यांच्याच गळ्यात असते. खरा प्रश्न ती कमी काम करते की जास्त. कमी असेल तर हायपो, जास्त असेल तर हायपर. दोन्हींची औषधं उलट. हेडफोनमध्ये, मागे पंखा फिरत असताना, हायपो आणि हायपर यांत फरक फार थोडा राहतो, असं ती मुलगी सांगत होती. शंका आली तर अंदाजानं लिहायचं नाही, जागा कोरी सोडून डॉक्टरांना विचारायचं, हा तिच्या कामातला पहिला नियम. आम्हाला तो फार आवडला.

एका गरोदर सुनेच्या कार्डावर रक्तगट 'बी' होता आणि पुढे बारीकशी आडवी रेघ. ती रेघ म्हणजे निगेटिव्ह. तिच्या सासूनं दुसऱ्या दवाखान्यात नाव घालताना नुसतं "बी" सांगितलं होतं. नव्या कागदावर रेघ नव्हतीच. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी चं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो. रेघ हरवली तर इंजेक्शन द्यायचं कुणाला आठवणार? आशाताईंनी तिथंच पेन घेऊन कार्डावर अक्षरांत लिहिलं: बी निगेटिव्ह. दवाखान्यातला कागदही दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणला.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगायला आमच्या मैत्रिणीनं होकार दिला आहे, नाव मात्र नको म्हणाली. अडीच महिन्यांचे दिवस गेलेले असताना तिचा गर्भ आपोआप पडला. दवाखान्यात पिशवी साफ केली. घरी येताना मिळालेल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, "इनकम्प्लीट अ‍ॅबॉर्शन." दीर बारावी शिकलेला. त्यानं वाचलं आणि घरात सांगितलं, वहिनीनं अ‍ॅबॉर्शन करून घेतलं. तिचं कोणी ऐकलं नाही. तीन महिने ती माहेरी होती.

डॉक्टरी भाषेत साधारण वीस आठवड्यांच्या आत गर्भ गेला, की तो आपोआप गेला तरी शब्द 'अ‍ॅबॉर्शन'च. आपण रोजच्या बोलण्यात तो शब्द फक्त पाडून घेण्यासाठी वापरतो. इनकम्प्लीट म्हणजे गर्भ पडला पण काही भाग आत राहिला. मिस्ड म्हणजे गर्भाची वाढ थांबली आणि तो आतच राहिला. थ्रेटन्ड म्हणजे रक्त जातंय, गर्भाला धोका आहे, पण तो टिकूही शकतो. स्पॉन्टेनियस म्हणजे आपोआप. ठरवून केलेल्या गर्भपाताला कागदावर बहुतेक एमटीपी लिहितात, तो १९७१ च्या कायद्यानं डॉक्टरांकडून करून घेता येतो आणि त्यातही लपवण्यासारखं काही नाही. गरोदरपणाच्या कार्डावर जी, पी, एल, ए अशी अक्षरं आणि पुढे आकडे असतात. जी म्हणजे किती वेळा दिवस राहिले, पी बाळंतपणं, एल हयात मुलं. आणि 'ए' मध्ये आपोआप गेलेलाही मोजतात.

आशाताई आणि आम्ही दोघी तिच्या सासरी गेलो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी कागद वाचून मराठीत चार ओळी लिहून दिल्या होत्या. सासूबाईंनी ऐकून घेतलं, त्यांचाही एकदा असाच गर्भ गेला होता, हे त्यांनीच सांगितलं. ती परत नांदायला गेली. दीर अजून नीट बोलत नाही.

चूक एकाच बाजूनं होते असंही नाही. डॉक्टर जे लिहितात ते आपण सांगितलेल्यावरून. "पिशवीचं ऑपरेशन झालंय," असं आपण सांगतो. गर्भपिशवी काढली, की नुसती साफ केली, की कुटुंबनियोजनाचं झालं? तिन्हींना आपण "ऑपरेशन"च म्हणतो. पिशवी काढली असेल तर अंडाशय ठेवले की तेही काढले, हेसुद्धा पुढच्या डॉक्टरांना लागतं. "अंगावरून जातंय," म्हणजे लाल की पांढरं? लाजून आपण तिथंच थांबतो आणि लिहिणारा आपल्या अंदाजानं लिहितो. आणि आपला 'परवा' तर सगळ्यात गमतीदार. झालेलाही परवा, येणाराही परवा. दवाखान्यात परवा म्हणू नका, तारीख सांगा.

कागद आपल्याला मागता येतो, हे बऱ्याच जणींना माहीत नव्हतं. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. भरती झालेल्या पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायच्या आणि पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, असं त्यात आहे. २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं म्हणून. तेव्हा "साहेब, जरा वाचून दाखवता का?" म्हणताना मान खाली घालायचं कारण नाही.

आमच्या गटानं आता एक रीत धरली आहे. घरी निघताना कागद हातात आला, की आपणच मोठ्यानं म्हणायचं, "म्हणजे ही गोळी सकाळी उपाशीपोटी एक, ही रात्री जेवल्यावर अर्धी, आणि मी पुन्हा १२ तारखेला यायचं, बरोबर?" गेल्या पंधरवड्यात एका दवाखान्यात असं म्हटल्यावर सिस्टरनं कागद परत घेतला, पेन काढलं आणि २ चे १ केले. वर आमच्याच ताईंना म्हणाली, "बरं झालं बोललात."

पुढची बैठक दुसऱ्या शनिवारी दुपारी २ वाजता, मारुतीच्या पारावर. ज्यांच्या फायली राहिल्यात त्यांनी घेऊन या. चष्मा विसरू नका.